दोन मापांनी मोठ्या बांगड्या

"हात दे इकडं, आणि तोंडातनं आवाज काढू नकोस," मी म्हणाले.

स्वरूपाने हात पुढे केला. पुरामुळे गाव जिथे राहायला आलं होतं त्या माळावरच्या हायस्कूलमागे, मुलींच्या मुतारीच्या भिंतीआड तिला मी एका पालथ्या बादलीवर बसवलं होतं आणि मी तिच्यासमोर विटेवर बसले होते. आठवा महिना लागलेली पोर, तिला उकिडवं बसवणार कसं? दिवस अजून मावळला नव्हता, पण आभाळ पाच दिवस असं खाली आलेलं होतं की दुपार कुठली आणि संध्याकाळ कुठली ते जेवणाच्या पाकिटांवरूनच कळायचं.

हिरव्या बांगड्या तिच्या मनगटात रुतल्या होत्या. काचेच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं आणि मधे लाल वळ उठले होते. ह्याच बांगड्या बारा दिवसांपूर्वी तिच्या चोळी-बांगडीच्या कार्यक्रमात मी माझ्या हाताने भरल्या होत्या. उजव्या हातात अकरा, डाव्या हातात दहा. तेव्हा त्या तिच्या हातावर अशा बसल्या होत्या की बायका म्हणाल्या, कासारणीने माप घ्यावं ते इंदाक्कानेच. मीही खोटं कशाला बोलू, तेव्हा फुगले होते.

"इंदाक्का, लई दुखालंय वो. काढा की," ती म्हणाली. "पर आत्तीस्नी सांगू नगासा. तुमच्या पाया पडते."

आत्ती म्हणजे तिची सासू, गौराक्का चौगुले. गावात तिचा दरारा असा की ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा तिच्या दारावरून जाताना सायकलवरून उतरायचा. चोळी-बांगडीच्या दिवशी मी बांगड्या भरून झाल्यावर, सगळ्या बायकांसमोर ती मला म्हणाली होती, "इंदा, आता ह्या बाळंत होईस्तवर हातातनं निघायच्या न्हाईत बघ." मी हो म्हटलं होतं. असं म्हणायची पद्धतच आहे. पण गौराक्का म्हणाली म्हणजे ती पद्धत राहत नाही, तो हुकूम होतो असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

आणि त्यातून स्वरूपाचा नवरा पाण्यात होता. धैर्यशील सोमवारी सकाळी मळ्यातल्या वस्तीवरची माणसं आणायला काहिलीत बसून गेला होता. हो, गुळाच्या काहिलीत. होडी गावात एकच, ती दुसऱ्या बाजूला गेलेली. तो गेला, आणि बुधवारच्या त्या संध्याकाळपर्यंत आला नव्हता. फोन लागत नव्हता. नवरा असा कृष्णेच्या पाण्यात, आणि बायकोच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढायच्या? आमच्यात बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मी तीस वर्षं ह्या धंद्यात होते. ह्या धंद्यातल्या बाईच्या हातून असं काही घडलं आणि पुढे वाईट झालं, तर तिला पुन्हा कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही.

"वाढवायच्या न्हाईत," मी म्हटलं. "अख्ख्या काढायच्या. तू हात ढिल्ला सोड फक्त."

मदतीच्या पाकिटातला साबण होता. मी तो तिच्या हाताला चोळला, वर एक प्लास्टिकची पिशवी चढवली आणि पिशवीवरून एकेक बांगडी सरकवायला लागले. अंगठ्याच्या बुडाचं हाड आत दाबायचं, करंगळी खाली घ्यायची आणि बांगडी तिरकी करायची. ही विद्या माझ्या आईची. एरवी माझ्या हातून बांगडी निघताना बाईला कळत नाही. त्या दिवशी स्वरूपाने ओठ चावून रक्त काढलं. हात हातात धरला तरी हात वाटत नव्हता, कणकेच्या गोळ्यासारखा. मी जिथे बोट दाबलं तिथे खळगा पडला आणि तो खळगा तसाच राहिला.

तो खळगा मी पाहिला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी असं कितीही म्हटलं की मला काय कळतंय त्यातलं, तरी तो खळगा मी पाहिला होता.

वीस बांगड्या अख्ख्या निघाल्या. एकविसावी वाढली. कट् असा बारीक आवाज आला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. स्वरूपाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ह्येनी येतील न्हवं वो?" तिने विचारलं.

"येतोय की. म्हशीला धरून पवत यील, तुला काय ठावं हाय त्याचं," मी म्हणाले आणि काचेचे तुकडे पायाने चिखलात दाबले.

मग मी माझी पेटी उघडली. ह्या पेटीवरून शाळेत माझी भरपूर टिंगल झाली होती. लोकांनी धान्य आणलं, कागदपत्रं आणली, कुणी शेळी आणली, आणि मी बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून आले होते. माझे मालक इचलकरंजीला मुलीकडे गेलेले, घरात मी एकटी, जे उचलता आलं ते उचललं. पेटीत तशाच हिरव्या, तशाच सोनेरी टिकल्यांच्या बांगड्या होत्या. तिचं माप दोन-चार. मी दोन-सहा काढल्या, त्या अंगठ्यापाशीच अडल्या. मग दोन-आठ काढल्या. त्या चढल्या. मनगटावर सैल बसल्या, हात हलवला की छान वाजल्या.

पोटुशी बाईचा हात फुगतो हे कुणाही कासारणीला ठाऊक असतं. पण तो महिन्यांनी फुगतो, एका मापाने. बारा दिवसांत दोन मापं वाढलेला हात मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. असं का झालं असेल, हा विचार माझ्या मनात आला. आला आणि मी तो बाजूला ठेवला, कारण त्या क्षणी माझं सगळं लक्ष ह्यात होतं की जुन्या आणि नव्या बांगड्यांतला फरक कुणाला ओळखू येतो का.

"डोकं पण लई ठणकालंय," स्वरूपा उठता उठता म्हणाली. "सकाळधरनं."

"रडून रडून ठणकतंय. आणि पाणी पीत जा की गं. ओठ बघ कसं वाळल्यात."

"पाणी पिलं की हिकडं यावं लागतंय," ती म्हणाली.

ते खरंच होतं. साडेतीनशे माणसांत बायकांना दोन मुताऱ्या, त्यातली एक तुंबलेली, दुसरीला कडी नाही. सगळ्या बायकांनी पाणी पिणंच सोडलं होतं. पहाटे एकदा आणि दिवस मावळताना एकदा, साडीचा आडोसा करून दोघी-दोघी जायचो. आणि खायला काय, तर फरसाण, चिवडा, लोणच्याच्या पुड्या आणि खारट भात. दूरदूरच्या गावांनी प्रेमाने पाठवलं होतं, नावं ठेवणार नाही. पण मीठ इतकं पोटात गेलं की सगळ्यांचेच पाय सुजले. पाण्यात उभं राहून, चालून, खारट खाऊन सुजलेले पाय. सुजलेल्या पायांकडे त्या आठवड्यात कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं.

वर्गात परतलो तर गौराक्का दारातच उभी.

"कुठं गेलतीसा दोघी?"

"मागं," मी म्हटलं.

"एवढा येळ?"

"रांग हुती," स्वरूपा म्हणाली. तिने पदराखाली हात घेतले होते.

गौराक्काने सुनेकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वतःची घोंगडी उचलून तिच्यासाठी भिंतीकडे अंथरली. मला तेव्हा एवढंच कळलं की तिच्या काही लक्षात आलेलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला लष्कराची बोट आली. पाकिटं उतरवली. दोन जवान आणि एक सरकारी माणूस. त्या माणसाने पायरीवर उभं राहून विचारलं, "कुणी आजारी आहे का? न्यायचं आहे का कुणाला? बोट रिकामीच चाललीय."

मी पायरीजवळच होते. स्वरूपा वर्गात भिंतीला टेकून बसली होती, फळ्याकडे तोंड करून. मी तिच्याजवळ जाऊन बसले. हळूच विचारलं, "कसं वाटालंय?"

"इंदाक्का, त्या फळ्यावर काय लिवलंय?"

"'आजचा सुविचार' लिवलंय. खाली काय बी न्हाई."

"मला दोन-दोन दिसालंय. एकावर एक."

मी तिच्याकडे पाहिलं. तोंडही सुजून भरलं होतं, डोळ्यांखाली पोळी फुगावी तशी पिशवी आली होती. पलीकडच्या कोपऱ्यात गौराक्का तिच्यासाठी बिस्किटं पाण्यात भिजवत होती. सांगायला दोन शब्द लागले असते. पण ते दोन शब्द सांगायचे म्हणजे बांगड्यांचं सांगायचं. बांगड्यांचं सांगायचं म्हणजे वाढलेल्या बांगडीचं सांगायचं. आणि धैर्यशीलचा अजून पत्ता नव्हता. माझ्या डोळ्यासमोर एकच चित्र होतं: तो आला नाही, आणि गौराक्का भर वर्गात माझ्याकडे बोट करून उभी आहे.

"अशक्तपणा असंल," मी म्हटलं. "बिस्किटं खा."

बाहेर बोटीचं इंजिन सुरू झालं. बोट रिकामी गेली. ती वडाच्या शेंड्याला वळसा घालून दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीतून बघत होते.

तो गुरुवार मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. स्वरूपाने दुपारी दोनदा उलटी केली. गौराक्का म्हणाली, खारट सोसेना तिला. तिने स्वतः चूल पेटवायचा खटाटोप केला, ओल्या लाकडांनी डोळे लाल करून घेतले, आणि कुणाकडून तरी मूठभर तांदूळ मागून पेज केली. गौराक्का मागते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. पेज स्वरूपाने दोन घोट घेतली. संध्याकाळी ती म्हणाली, इथं दुखतंय, आणि बरगडीखाली, पोटाच्या वरच्या बाजूला हात ठेवला. मी म्हटलं, उलटीनं दुखतंय. प्रत्येक दुखण्याला माझ्याकडे कारण तयार होतं. तीस वर्षं बायकांशी बोलून बोलून तोंड तयार झालेलं असतं, ते अशा वेळी असं कामाला येतं.

शुक्रवारी दहा वाजता दुसरी बोट आली आणि तिच्यातून मुल्ला सिस्टर उतरल्या. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर. उपकेंद्र पहिल्याच दिवशी पाण्याखाली गेलं होतं. त्यांच्या साडीचा काठ चिखलाने भरलेला, गळ्यात पिशवी, आणि आवाज बसलेला.

"गरोदर बाया सगळ्या ह्या खोलीत बसा," त्या म्हणाल्या. "बीपीचं मशीन भिजून बंद पडलंय, तेव्हा मी विचारीन त्याचं खरं-खरं सांगायचं. बोटीत पाच जागा आहेत. पाणी परत चढतंय, पुढची बोट उद्या येईल, न येईल. ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांनाच नेणार. भांडायचं नाही."

नऊ बाया होत्या. सिस्टर एकेकीजवळ बसून विचारत होत्या, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघत होत्या. पाय कुणाचेच बघून उपयोग नव्हता, सगळेच खांबासारखे. म्हणून त्या हात बघत होत्या. स्वरूपाची पाळी आली तेव्हा मी दाराजवळ रिकाम्या पुड्या गोळा करत होते.

"कितवा महिना?"

"आठवा," गौराक्काने सांगितलं.

"तिला बोलू द्या. डोकं दुखतंय का गं?"

स्वरूपाने सासूकडे पाहिलं, मग बाहेर बोटीकडे पाहिलं. बोटीत बसायला मिळावं म्हणून कुरबुर करतेय असं कुणाला वाटू नये, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "थोडं," ती म्हणाली.

"हातावर सूज? बांगड्या घट्ट होतात का?"

"घट्ट कुठल्या?" गौराक्का म्हणाली आणि तिने सुनेचा हात उचलून हलवला. "ह्या बगा की, खुळखुळ वाजत्यात. चौदा दिवसांमागं भरल्यात, हिच्या मापाच्या."

बांगड्या वाजल्या. सिस्टरनी त्या दोन बोटांनी वर-खाली करून पाहिल्या आणि मान हलवली. "ठीक आहे. अशक्तपणा आहे. पाणी भरपूर पी, लाजू नकोस. उद्या बघू." आणि त्या पुढच्या बाईकडे सरकल्या.

स्वरूपाने माझ्याकडे पाहिलं. मी पुड्या गोळा करत राहिले.

सिस्टरनी पाच जण निवडले. ताप आलेली एक ओली बाळंतीण आणि तिचं बाळ, नऊ भरलेल्या दोघी, आणि छातीत दुखणारे माने तात्या. त्यांना घेऊन त्या पायऱ्या उतरल्या. जवान एकेकाला हात धरून बोटीत चढवत होता. गौराक्का तिथे गेली होती, तात्यांचं गाठोडं द्यायला. मी खिडकीत उभी होते आणि माझ्या मागे स्वरूपा म्हणाली, "इंदाक्का, दिवा लावा की वो. अंधार झाला."

दिवसाचे साडेअकरा वाजले होते.

मी धावले. पायऱ्यांवरून घसरले, ढोपर फुटलं, उठून तशीच पाण्यात शिरले. "सिस्टर! थांबा! थांबा!" माझं ओरडणं ऐकून सगळं हायस्कूल व्हरांड्यात आलं. बोटीचं इंजिन सुरू झालं होतं. सिस्टर वळल्या.

"स्वरूपाचं हात सुजल्यात," मी म्हणाले. "त्या बांगड्या तिच्या मापाच्या न्हाईत. मी बदलल्या. परवा सांजच्याला. दोन मापांनी मोठ्या घातल्या. साबण लावून काढल्या, एक वाढली. बोट दाबलं तर खड्डा पडतोय. काल तिला दोन-दोन दिसत हुतं, आणि आता दिसंनाच झालंय."

एका दमात सगळं बोलले. गौराक्का माझ्यापासून चार हातांवर, गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या हातातलं गाठोडं तसंच हातात राहिलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, पण तिची नजर मला गालावर लागत होती.

सिस्टरनी मला एक शब्द जास्तीचा विचारला नाही. "कधीपासून डोकं दुखतंय?" एवढंच.

"बुधवारधरनं. आणि बरगडीखाली बी."

"अरे देवा," सिस्टर म्हणाल्या. "बंद कर रे इंजिन."

"मॅडम, जागा नाही," जवान म्हणाला. "एक जरी वाढला तरी धारेत पलटी होईल."

तेव्हा नऊ भरलेल्या दोघींपैकी हसीना उठली. पोट सावरत, जवानाचा खांदा धरून ती पाण्यात उतरली. "मला कळा न्हाईत अजून," ती म्हणाली. "तिला बसवा." हसीनाला पुढे दोन दिवसांनी त्याच शाळेत, सातवीच्या वर्गात मुलगा झाला. सुखरूप झाला. पण ते तेव्हा तिला कुठे ठाऊक होतं?

स्वरूपाला आणायला गौराक्का गेली. तिने तिला एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने धरायला गेले. मला वाटलं ती माझा हात झटकेल. तिने झटकला नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आम्ही दोघींनी मिळून तिला बोटीपर्यंत नेलं. स्वरूपा चाचपडत पाय टाकत होती आणि म्हणत होती, "आत्ती, तुमी हाय न्हवं? आत्ती?"

"हाय, हाय," गौराक्का म्हणत होती. "हितंच हाय."

पण बोटीत तिला जागा नव्हती. बोट गेली आणि ती पाण्यात उभी राहिली. बराच वेळ उभी होती. कुणीतरी तिला हाताला धरून वर आणलं. ती माझ्यासमोरून वर्गात गेली आणि घोंगडीवर भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी माझ्याशी कुणीच बोललं नाही. चहा वाटणारी बाई मला वगळून पुढे गेली. मी मनात म्हटलं, सुरू झालं.

शनिवारी दुपारी धैर्यशील आला. मळ्यातल्या एका स्लॅबवर अकरा माणसांना घेऊन पाच दिवस बसला होता, फोनची बॅटरी गेलेली. त्याला बघून मला जे वाटलं ते सांगता येत नाही. मी कोपऱ्यात जाऊन पदर तोंडावर घेऊन रडले. एवढं सगळं ज्या भीतीपायी केलं, ती भीती चिखलाने माखलेला शर्ट घालून समोर उभी होती आणि विचारत होती, "आई, स्वरूपा कुठं हाय?"

मायलेकरं त्याच बोटीने गेली.

पाणी उतरायला आणखी आठ दिवस लागले. घरी परत आले तर भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ, आणि आत गुडघाभर गाळ. मी पत्र्याच्या तुकड्याने गाळ ओढत होते. बातम्या तुकड्या-तुकड्याने कानावर आल्या होत्या. स्वरूपाला बोटीतच बीपी चढून झटका आला, डोळे फिरले, दातखिळी बसली. दवाखान्याच्या दारात दुसरा आला. लगेच ऑपरेशन केलं. स्वरूपा वाचली. तीन दिवसांनी नजरही आली. मूल पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

मी गौराक्काची वाट बघत होते. ती येणार हे मला ठाऊक होतं, आणि काय म्हणणार हेही मी मनाशी शंभरदा ऐकलं होतं. कासारीण असून माझ्या घरचा चुडा उतरवलास. पाण्यात माझा लेक असताना वाढवलास. माझी नात खाल्लीस. मी उत्तरंसुद्धा तयार केली होती. तुझी सून रडत आली, मी काय करणार. तूच म्हणाली होतीस, निघायच्या नाहीत म्हणून.

ती आली तेव्हा सकाळ होती आणि कधी नव्हे ते ऊन पडलं होतं. ती दारात उभी राहिली. पंधरा दिवसांत निम्मी झाली होती.

"डॉक्टरनं मला इचारलं," ती सुरुवातीलाच म्हणाली, "सूज कवाधरनं हाय? मी म्हटलं, न्हवतीच. त्यानी परत इचारलं, आजी, नीट आठवा, कवाधरनं? मी म्हटलं, न्हवती वो. माझ्याच हातानं तिचा हात हलवून दावलावता मी सिस्टरला. माझ्या घरातली सून, माझ्या कुशीला झोपत हुती, आणि मला ठावं न्हाई. तुला ठावं हुतं."

मी पत्रा हातात धरून उभी होते.

"बिस्तरवारी सकाळी बोट रिकामी गेली. तवा तू कुठं हुतीस?"

"शाळंतच," मी म्हटलं.

"ठावं हुतं तवा?"

"हुतं."

"डॉक्टर म्हणाला, एक दिस आदी आणली असती तर पोरगं बी हाताला लागलं असतं आजी." तिने चौकटीला हात टेकला. "मला एक शबूद का न्हाई सांगितलास गं?"

"बांगड्यांचं कसं सांगणार? तूच म्हणालीवतीस, बाळंत हुईस्तवर..."

"बांगड्यांचं?" ती म्हणाली. तिला पहिल्यांदा कळेचना. मग कळलं. "अगं, बत्त्यानं फोडल्या असत्या मी. सगळ्या. माझ्या हातानं फोडल्या असत्या आणि तिला पाठुंगळी घिऊन बोटीत बसले असते. बायका चार लोकांत बोलतात तसं बोलले मी, इंदा. बांगडीसाठी मी पोरीचा जीव घीन, असं वाटलं तुला?"

माझी तयार केलेली उत्तरं कुठल्या कुठे गेली. जे खरं होतं तेच तोंडातून आलं.

"तुला भ्याले."

"मला?"

"तुला."

गौराक्का दारातच, गाळात, साडीची पर्वा न करता खाली बसली. शिवी नाही, शाप नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "मग ती बी मलाच भ्याली असंल."

मुतारीच्या भिंतीआड हात पुढे करून, आत्तीस्नी सांगू नगासा म्हणत माझ्या पाया पडणारी स्वरूपा माझ्या डोळ्यासमोर होती. नाही गं, असं म्हणायला पाहिजे होतं. ती तुला कुठली भिते, मीच तिला म्हटलं कुणाला सांगू नकोस, असं म्हणता आलं असतं. एवढं खोटं बोलायला मला काय जड होतं?

गौराक्काने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले.